चौथी रेघ

मी रोज पहाटे त्रिशरण-पंचशील घेते. खोटं बोलणार नाही, हे त्यात आलंच. पंचवीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. बाळंतिणीच्या खाटेवर पडून घेतलं, पण घेतलं.

म्हणून हे लिहिताना हात जड झालाय. आम्ही बौद्ध माणसं. आत्मा, भूत, पिशाच्च काही मानत नाही. आमच्या घरात कधी कुणी लिंबू उतरवलं नाही की अंगारा लावला नाही.

तरी हे घडलंय.

आणि रात्री नाही. भर दुपारी तीन वाजता, अंगणात लख्ख ऊन असताना.

गाव माले. पौडवरून मुळशीकडं जाताना लागतं. तिथं माझी थोरली बहीण केशरबाई राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिचे मालक सोमनाथ भाऊजी, मुलगी प्रियदर्शिनी, आणि मुलगा अनिकेत.

अनिकेत... होता.

दोघं भावंडं गाण्याची वेडी. भाऊजी एके काळी गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे, तेच रक्तात आलेलं. मागच्या खोलीच्या भिंतींना त्यांनी जुन्या गाद्या ठोकल्या आणि तिथंच रेकॉर्डिंग सुरू केलं. माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये घ्यायला एक यंत्र लागतं. त्याला इंटरफेस म्हणतात. ही दोघं त्याला डबा म्हणायची. अनिकेतचा लाल डबा, प्रियाचा काळा. एका डब्यात दोनच माईक बसतात आणि यांना हवे होते चार. एक ढोलकीला, एक पेटीला, एक त्याला, एक तिला. म्हणून दोन्ही डबे एकत्र जोडायचे, ही कल्पना प्रियाची.

"आमच्या टायमाला एक माईक नि सात गडी," भाऊजी म्हणायचे. "तुमी तीन मानसं नि चार माईक! उद्या मांजराला बी लावा एक."

"मांजर सुरात हाय, पप्पा. तुमच्या ढोलकीचंच बघावं लागंल," अनिकेत म्हणायचा.

लॅपटॉपच्या पडद्यावर चार रेघा दिसायच्या. पहिली प्रियाची, दुसरी पेटीची, तिसरी ढोलकीची.

चौथी अनिकेतची.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण सगळं तिथंच अडलंय. प्रत्येक डब्याच्या पोटात स्वतःचं घड्याळ असतं. दोन डब्यांची घड्याळं एका वेगानं चालत नाहीत, केसाएवढा फरक पडतो. म्हणून लॅपटॉपला सांगावं लागतं, की ह्या डब्याचं घड्याळ मुख्य, दुसऱ्यानं त्याच्या मागून चालायचं. ते सांगायचं राहिलं तर आवाजात टक्-टक् येते. नाहीतर एक आवाज हळूहळू मागं पडत जातो.

त्या दिवशी जोडणी प्रियानं केली होती.

अनिकेतनं अक्कावर गाणं लिहिलं होतं. अक्का पॉलीहाऊसमध्ये गुलाब तोडते. हातात मोजे असले तरी बोटं सोललेली असतात. 'गुलाब गेले शहरात, काटे राहिले बोटांत...' अशी सुरुवात होती. अक्काला त्यानं ते ऐकू दिलं नव्हतं. "पुरं झालं की एकदाच ऐक," म्हणाला होता.

पोरानं काळीज ओतून गायलं. एका दमात.

प्रियानं परत लावून पाहिलं... टक्. टक्. टक्. त्याचा सगळा आवाज चिरलेला.

"करंट पुरत न्हाई दोन्हींला," अनिकेत म्हणाला. "पिरंगुटवरनं जादा करंट देणारा हब आणतो. तासाभरात आलो. पप्पांना जागेवरनं उठू देऊ नको, नायतर परत बसायचे न्हाईत."

पौडच्या अलीकडं डंपर होता.

तो तास कधी संपलाच नाही.

दीड महिन्यानं प्रियानं लॅपटॉप उघडला. तिच्या लक्षात आलं, की करंट पुरत होता. हबची गरजच नव्हती. मुख्य घड्याळ कुठलं, ती जागा तिनं कोरी सोडली होती. एक टिचकी मारायची राहिली होती, आणि त्यापायी भाऊ रस्त्यावर गेला होता.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. अक्का वर्षभर एकच विचारायची, "माझ्यावरचं ते गाणं... त्यातलं थोडं तरी हाय का गं?"

"न्हाई आई. खराब झालं ते."

गेल्या फेब्रुवारीत पहिलं पुण्यस्मरण होतं. प्रियानं ठरवलं, ते गाणं आपण पुरं करायचं आणि त्या दिवशी आईला ऐकवायचं. ढोलकीसाठी अनिकेतचा लाल डबा लागणारच होता. त्याच्यावरची धूळ तिनं ओढणीनं पुसली. या वेळी आपल्या काळ्या डब्याचं घड्याळ मुख्य ठेवलं. तीनदा तपासलं.

रविवार. दुपारचे तीन. भाऊजी ढोलकी घेऊन बसले. प्रियानं पेटीवर सूर धरला आणि गायला सुरुवात केली.

पडद्यावर तीन रेघा हलत होत्या.

मग...

चौथी हलली.

तिथं माईक नव्हता. वायर नव्हती. लाल डब्यातलं ते भोक मोकळं होतं.

तिनं गाणं थांबवलं नाही. वडलांकडं पाहिलंही नाही. ते गेल्यावर हेडफोन लावून तिनं फक्त चौथी रेघ ऐकली.

आधी काहीच नाही. मग श्वास... गाण्याआधी माणूस घेतो तसा.

आणि मग, फार लांबून...

'गुलाब गेले शहरात...'

प्रिया माझ्यासारखी हळवी नाही. तिला बाबासाहेबांनी शिकवलंय, आधी तपास, मग मान. तिनं तपासलं. जुनी फाईल मध्ये आली म्हणावं, तर तिच्यात टक्-टक् होती. ह्यात नव्हती. शेजारच्या माईकचा आवाज ओढत असेल, तर ढोलकी ऐकू आली असती. वायर बदलली. सॉफ्टवेअर काढून परत घातलं. सोमवारी पुन्हा गायली.

तो आला.

पण तिच्या मागून. अर्ध्या मात्रेनं.

मंगळवारी दीड मात्रा. बुधवारी ती दुसऱ्या ओळीवर गेली तेव्हा त्याची पहिली सुरू झाली. गुरुवारी तिचं कडवं संपलं, आणि मग खूप वेळानं... तो.

रोज मागं. रोज जास्त बारीक.

"मावशी, दादा मागं राहत चाललाय गं," ती मला म्हणाली. तयारीसाठी मी शुक्रवारीच आले होते. तिनं मला सगळं सांगितलं. आपली चूकसुद्धा. मी म्हटलं, "बाळा, बंद कर ते. मंगल मैत्रीच्या गाथा म्हण आणि झोप." तिनं मान हलवली. पण डोळे पडद्यावरच होते.

शनिवारी दुपारी तिनं ते केलं.

लाल डब्याचं घड्याळ मुख्य केलं. आता काळ्यानं त्याच्या मागून चालायचं होतं.

भाऊजींनी वाजवलं, ती गायली. ते पान खायला बाहेर गेले. प्रियानं फाईल लावली आणि तिचा चेहरा उजळला. ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि अक्काचा हात धरून तिला आणलं. पिठाच्या हातानंच.

"आई, बस. काही बोलू नको. ऐक."

मी दारात तांदूळ पाखडायचं सूप घेऊन उभी होते.

अक्कानं हेडफोन लावले. आधी कपाळाला आठी पडली. मग तोंडावर हात गेला.

"अन्या..." ती म्हणाली. "अगं, अन्या हाय ह्यो. हितंच बसल्यावानी गातोय."

ती रडत होती आणि हसत होती. वर्षानंतर मी तिला हसताना पाहिलं. मान डोलत होती. सोललेली बोटं मांडीवर ठेका धरत होती.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "पण प्रिये, तू कुटं हायेस ह्यात? तुजा आवाज न्हाई. पेटी बी न्हाई."

प्रियानं तोंड उघडलं.

ओठ हलले... आवाज आला नाही.

मी बघत होते. तिनं पुन्हा बोलायचा प्रयत्न केला. गळ्याची शीर ताणली गेली. अंगणात कोंबडी कुरकुरत होती, ती मला ऐकू येत होती. रस्त्यानं टेम्पो गेला, तोही ऐकला. फक्त प्रिया नव्हती.

तिनं गळ्याला हात लावला आणि आईकडं पाहिलं. लहानपणी ताप चढला की बघायची तशी.

अक्कानं एक कान मोकळा केला. "प्रिया?"

ओठ. नुसते ओठ.

अक्काची नजर लाल डब्यावर गेली. त्याचा हिरवा दिवा लागलेला. गाणं शेवटच्या कडव्यात होतं. अजून दोन ओळी राहिल्या होत्या. ते गाणं ऐकायला तिनं वर्ष काढलं होतं, आणि दुसऱ्या कानात तो अजून गात होता...

तिनं डब्याची वायर उपटली.

"आई!" प्रियाचा आवाज एकदम फुटला. खोलीभर घुमला.

अक्कानं तिला छातीशी धरलं. दोघींच्या अंगाला पीठ लागलं. आणि तिथंच, हुंदक्यांत, पोरीनं सगळं सांगून टाकलं. "आई, हब लागत नव्हता गं. चूक माजी होती. मी त्याला उगाच जाऊ दिलं. आणि आज तुजं गाणं बी पुरं झालं न्हाई..."

अक्काचे हात तिच्या पाठीवरच थांबले. मला वाटलं, आता हात सोडते की काय.

"मग काय करू?" ती म्हणाली. "एक गेला. तुलाबी घालवून बसू व्हय?"

संध्याकाळी फाईल उघडली तर चौथी रेघ सपाट होती. रविवारपासूनच्या सगळ्या फायलींत सपाट. मी स्वतः पाहिली.

पुण्यस्मरणाला भंतेजी आले, परित्राण पाठ झाला. प्रिया एकटीच ते गाणं गायली, माईकशिवाय. अक्का पुढ्यात बसून ऐकत होती. शेवटच्या दोन ओळींना तिनं डोळे मिटून घेतले.

दोन्ही डबे पत्र्याच्या पेटीत बंद आहेत. कुणाला द्यायचा धीर होत नाही.

तेव्हापासून अक्का सकाळी उठली की आधी हाक मारते, "प्रिया..." ओ आल्याशिवाय चहाचा घोट घेत नाही.

मागच्या महिन्यात मी मालेला मुक्कामाला होते. सकाळी वंदना झाली. प्रिया माझ्या समोर केस विंचरत बसली होती, उजेडाला. आतून अक्कानं हाक मारली.

प्रियाचे ओठ हलले. मला दिसले.

मी फणीकडं पाहिलं. परत तिच्याकडं पाहिलं. तिनं केसांचा गुंता सोडवला, फणी खाली ठेवली...

आणि मग ऐकू आलं, "ओ, आई."

"उशीर का गं लावलास?" मी विचारलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. तोंड मिटलेलं होतं, तेव्हा मला तिचं बोलणं ऐकू आलं.

"मावशी, मी तर लगेच ओ दिली."