आधीचं नाक

"तुमची सोंड उजवी की डावी?"

ड्रेसिंगसाठी मी बाकावर बसले होते, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी विचारलं. त्यांच्याही तोंडावर माझ्यासारख्याच पट्ट्या.

ठाण्याच्या त्या हॉस्पिटलात आम्हा दोघांची नाकं नव्यानं घडत होती. माझं गाठीबरोबर कापावं लागलं. त्यांचं, वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरचं चाक फुटून गेलं. डॉक्टर कपाळाची कातडी खाली वळवून नाकावर बसवतात, पण लगेच तोडत नाहीत. तिला रक्त मिळत राहावं म्हणून भुवईपासून नाकापर्यंत कातडीची एक दांडी काही आठवडे तशीच ठेवतात... अगदी सोंडेसारखी.

"उजवी," मी म्हटलं.

"मग कडक देवस्थान. सोवळं पाळायला हवं आम्हाला."

"आणि तुमची?"

"डावी. भोळी. कुणीही यावं, दूर्वा वाहून जावं."

"हसवू नका हो. टाके ओढतात."

"मग गप्प बसतो."

"तसंही नको," मी बोलून गेले, आणि या वयात कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

तेवढ्यात सिस्टरनी हाक मारली, "चांगदेव शेलार." ते उठून आत गेले, आणि मी बाकाची कड धरून बसले.

चांगदेव शेलार. विठ्ठलवाडीच्या आमच्या घरी मला बघायला आलेला मुलगा. पोहे खाऊन गेला, आणि आठवड्याभरात निरोप आला – मुलगी गुणाची आहे, पण नाक बसकं. आत्या म्हणाली, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पुढची स्थळं कशी कशी फिरली ते सांगत नाही. मी कल्याणच्या शाळेत शिकवत राहिले, निवृत्त झाले, बाळकुमला घर घेतलं. लग्न राहूनच गेलं.

मी ओळख दिली नाही. पट्ट्यांमागून कोण कुणाला ओळखणार, असं वाटलं. ते मात्र दर ड्रेसिंगला माझी जागा धरून ठेवायचे. गरम वाफ नाकाला लागू नये म्हणून माझा चहा या कपातून त्या कपात ओतत निववायचे. घरी कुणी वाट बघणारं नव्हतं त्यांच्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

दांडी कापायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "उद्यानंतर एकत्र बोलावणार नाहीत आपल्याला. मग भेटायचं कसं?"

"पोहे खायला या घरी. या वेळी निरोप मात्र स्वतः द्या."

त्यांच्या हातातला कप तिथंच थांबला.

"म्हणजे... तूही ओळखलंस?"

"तूही म्हणजे?"

"पहिल्याच दिवशी. सिस्टरनं नाव पुकारलं, शालिनी सावंत. तेच नाव, तेच आडनाव. वाटलं, आपण बोललो तर उठून जाशील."

"गेलेच असते."

"मला आवडलं होतं ते नाक," ते खाली बघत म्हणाले. "पोहे देताना तू हसू दाबलंस, तेव्हा ते पसरलं होतं. वाटेत आई नको म्हणाली, आणि मी नुसता चालत राहिलो गं... डॉक्टर तसंच करून देणार ना?"

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी माझा जुना फोटो मागितला होता. मी कांताचा दिला. माझ्या धाकट्या बहिणीचं नाक चाफेकळीसारखं. असं करा, म्हटलं. बरगडीतलं मऊ हाड घालून त्यांनी तसंच उभं केलं.

"नाही," मी म्हटलं. "मी सरळ मागून घेतलं."

मग त्यांनी पट्टीबाहेर राहिलेल्या शेंड्याला हलकेच बोट लावलं. स्पर्श नाकाला झाला, पण मला तो कळला कपाळावर, कुंकवाच्या जागी. डॉक्टर म्हणाल्या होत्या, दांडी आहे तोवर त्या कातडीला आपण कपाळच आहोत असं वाटतं. कापली की कितीतरी महिने तिथं काहीच कळत नाही.

"दुखलं?" त्यांनी विचारलं.

"नाही... काढू नकोस बोट."