कोपऱ्यापुरता स्पर्श

त्याच्या चेहऱ्याआधी तिने त्याचे मोजे पाहिले. एक निळा, एक काळा.

हॉस्पिटलच्या स्कॅनच्या खोलीत ती लॅपटॉपसाठी प्लग शोधत शिरली होती. काचेपलीकडे यंत्राच्या बोगद्यात कुणीतरी आडवं झालेलं, फक्त पावलं बाहेर. यंत्र चालवणाऱ्या मावशींनी माइकवर "श्वास रोखा" म्हटलं आणि त्यांना शिंका सुरू झाल्या. थांबायचं नावच नाही! शिंकता शिंकता त्यांनी हिच्याकडे बघून हात हलवला. हिला वाटलं, आपल्याला माइकचं बटण दाबून बोलायला सांगताहेत. हिने दाबलं आणि हळूच म्हटलं, "सोडा..."

"मावशी, तुमचा आवाज एवढा गोड कधीपासून झाला?" बोगद्यातून प्रश्न आला.

"अगं, थांब म्हणत होते मी तुला!" मावशी नाक पुसत ओरडल्या. "आता सगळं पहिल्यापासून."

मावशींनी सगळी चित्रं पुन्हा काढली, अगदी निगुतीने. मोजेवाला बाहेर आला तो तिथलाच हृदयाचा डॉक्टर निघाला. नव्या कामासाठी निरोगी हृदयाचा नमुना हवा होता, म्हणून स्वतःच यंत्रात झोपला होता. आणि तो नमुना हवा होता हिलाच. स्कॅनच्या चित्रांवरून हृदयाची रचना ओळखणारा प्रोग्राम ती लिहीत होती; नुकत्याच रुजू झालेल्या हिला सगळे गणितवाली म्हणत.

"म्हणजे माझं हृदय आता तुमच्या हवाली?"

"नमुना म्हणून," ती म्हणाली. कान मात्र तापले.

मग दुपारचा चहा तिच्या टेबलाशी येऊन प्यायची त्याला सवयच लागली.

"गणिताचं हृदयाशी काय काम, ते तरी कळू दे."

तिने टेबलावरचं रबरबँड उचललं. "हे ताणा, पिळा, चुरगळा. तोडत नाही तोवर मधलं भोक एकच राहतं. हृदय तर सारखं आकसतं, फुगतं, शिवाय प्रत्येकाचं वेगळं. त्याच्या आकाराच्या मागे लागलं तर वेड लागेल. म्हणून आकार सोडायचा. पोकळ्या किती, कोणती कुणाला जोडलेली, मधल्या भिंतीला भोक आहे का... एवढंच विचारायचं."

"आणि माझ्यात काय सापडलं?"

"अजून शोधतेय."

"सावकाश शोधा. मला कुठे घाई आहे?" त्याने रबरबँड घेतलं आणि मनगटात घातलं. परत काही दिलं नाही.

अशाच एका दुपारी, खिडकीवर पाऊस वाजत असताना, त्याने वडिलांचं सांगितलं. ते हृदयाच्याच दुखण्याने अचानक गेले होते. तेव्हापासून तो नुसता खोकला तरी आईचा जीव वरखाली होतो. तो हे हसत सांगत होता, पण कप हातातच गार झाला होता. तिने तो बदलून आणून दिला.

आणि एवढं सगळं माहीत असूनही तिने ते केलं.

आठवड्याची बैठक होती. मोठे डॉक्टर, नर्स, मावशी, सगळे हजर. तिच्या प्रोग्रामने त्याच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत भोक दाखवलं होतं. कुणाच्याही डोळ्याला न दिसलेलं! आपलं गणित किती बारीक बघतं, हे दाखवायची तिला कोण हौस. पडद्यावर त्याचं हृदय फिरत होतं आणि ती ऐटीत म्हणाली, "आमच्या डॉक्टरसाहेबांच्या हृदयाला चक्क भोक आहे बरं का!"

कुणीतरी हसलं. तो हसला नाही. त्याचा हात मनगटातल्या रबरबँडवर गेला आणि तिथेच राहिला.

हॉस्पिटलात बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ? संध्याकाळी त्याची आई तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली तिने पाहिली. पायांत घरातल्या सपाता, पदराचं टोक मुठीत. आत त्याच्या तपासणीत काहीच निघालं नाही. भिंत अगदी धडधाकट. आईला आता रडूच आवरेना.

"श्वास सुटला असणार. चित्रंच बिघडलेली," मोठे डॉक्टर मावशींवर डाफरले.

"माझ्या मेल्या शिंका..." मावशींनी मान खाली घातली.

"नाही, मीच नीट रोखला नसेल," तो पटकन म्हणाला.

ती तिथेच उभी होती. माझा प्रोग्रामही चुकला असेल, असं म्हणावंसं फार वाटलं, पण ती बॅग उचलून निघाली. घरी येऊन तिने ती चित्रं पुन्हा पाहिली. स्वच्छ होती, कुठे धूसर रेघ नाही. चूक तिची होती. प्रोग्राम हृदय बारीक बारीक ठोकळ्यांनी रचतो. ती भिंत पातळ आणि तिरकी, त्यामुळे तिथले ठोकळे एकमेकांना नुसते कोपऱ्याला टेकलेले. आणि कोपऱ्याला टेकणं म्हणजे टेकणं नव्हेच, असा नियम तिनेच घातला होता. भोक हृदयात नव्हतं, तिच्या नियमात होतं. शाळकरी चूक! तिला आरशात बघवेना. पण चुकीपेक्षाही ती ऐट आठवून आणि त्यानंतरचं गप्प राहणं आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या बैठकीत ती सगळ्यांआधी उभी राहिली. "चित्रं चांगली होती. मावशींची चूक नव्हती, डॉक्टरांचीही नव्हती. चूक माझी." तिने नियम समजावून सांगितला, दुरुस्त करून भिंत अखंड दाखवली. मग मावशींकडे वळली. "तुम्ही बोलणी खाल्लीत आणि मी ऐकत उभी राहिले. आणि कुणाच्या हृदयाची अशी भर सभेत थट्टा... ती मला करायलाच नको होती." त्याच्याकडे बघायचं धाडस काही झालं नाही.

दुपारी ती टेबलाशी मान खाली घालून बसली होती. तो येणार नाही, हे तिने गृहीतच धरलं होतं. तेवढ्यात समोर चहाचा कप ठेवला गेला.

"आई म्हणाली," तो खुर्ची ओढत म्हणाला, "जिने भोक पाडलं, तिनेच घरी येऊन भिंत दाखवावी. त्याशिवाय आईला झोप लागणार नाही."

"मी... कोणत्या तोंडाने येऊ?"

"ह्याच. मला हेच आवडतं."

तिचे डोळे भरून आले. "रागावला नाहीत?"

"रागावलो होतो. खूप. दोन दिवस रबरबँड काढून ठेवलं होतं." त्याने मनगट दाखवलं. ते परत जागेवर होतं. मग त्याने हात टेबलावर ठेवला, तिच्या हाताशेजारी. त्याच्या करंगळीचं टोक तिच्या करंगळीला लागलं... जेमतेम.

"गणितवाली, नुसत्या टोकाला टेकलंय. तुझ्या नियमात हे टेकणं धरतात का?"

"आधी धरत नव्हते," ती खाली बघत म्हणाली. "आता धरते."

तिने हात मागे घेतला नाही.