हिरव्या वाफ्यातली मोकळी मुळं

चंद्रावरच्या वसाहतीतल्या हरितघरात चवळीचे दोन वाफे अकरा वर्षांच्या ऋजुताकडे होते. डाव्या वाफ्याला ती दर आठवड्याला नायट्रेट (झाडाला थेट शोषता येणारं नत्राचं खत) द्यायची. उजव्याला पेरताना थोडंसं दिलं, तेवढंच. डावा वाफा हिरवागार होता, उजवा जरा फिकट.

त्या सकाळी कळलं, की खत आणणारं यान चार महिने उशिरा येणार. पिंपात खत जेमतेम उरलं होतं. खताशिवाय वाफे तगतील का, या भीतीनं ऋजुतानं फिकट वाफ्यातलं एक रोप उपटून पाहिलं. मुळांवर मण्यांसारख्या गाठी!

“आत्या, रोग पडलाय! हा वाफा काढून टाकूया.”

हेमलताआत्या हरितघराची शास्त्रज्ञ. ती धावतच आली. “थांब! आधी डावीकडचं एक रोप काढ.”

ती मुळं स्वच्छ, पांढरी निघाली.

“बघ, ही निरोगी आहेत,” ऋजुता म्हणाली.

आत्यानं नखानं एक गाठ चिरली. आत गुलाबी रंग होता. “हा रोग नाही गं. इथं रायझोबियम (मुळांच्या गाठींत राहणारे जिवाणू) आहेत. हवेतला नत्र झाडाला तसाच वापरता येत नाही. हे तो वापरण्याजोगा करून देतात, झाड त्यांना साखर देतं. गुलाबी म्हणजे काम चालू आहे.”

“पण जिवाणू तर दोन्हीकडच्या बियांना चोळले होते! मग डावीकडे गाठी का नाहीत?”

“गाठी पोसायला साखर खर्च होते. नत्र आयता मिळाला तर?”

ऋजुतानं दोन्ही रोपांची मुळं जवळ धरून पाहिली. “तर झाड गाठी करणारच नाही. म्हणजे मी लाड केले, ते चुकलं?”

“खत असेपर्यंत नाही. पण आता ते संपतंय.”

डावीकडचं खत बंद झालं. पानं पिवळी पडू लागली. दहाव्या दिवशी ऋजुता खताचा चमचा भरून वाफ्याशी उभी राहिली. आपण बरोबर करतोय की झाडं मारतोय, तिला कळेना. शेवटी तिनं चमचा पिंपात रिकामा केला.

तिसऱ्या आठवड्यात नव्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी आल्या. ऋजुता आनंदानं ओरडली, आणि लगेच तिच्या कपाळावर आठी पडली.

“पण आत्या, खत आहे की नाही, हे मुळाला कळतं की अख्ख्या झाडाला?”

“थोडं समजलंय, पुष्कळ समजायचंय.”

ऋजुतानं दोन कुंड्या शेजारीशेजारी ठेवल्या. “एकाच रोपाची अर्धी मुळं हिच्यात, अर्धी तिच्यात. खत फक्त एकीत. मग बघू, गाठी कुठं येतात.”

आत्या माती भरायला खाली बसली.