लाल पट्टी

"अहो, थांबा! ते अंजनाचं रोप आहे!"

कोयता हवेतच थांबला. वनखात्याचा तरुण वनपाल मागे वळला, आणि ओरडणारी चंदनबाला स्वतःच लाजली.

एकाहत्तर सालचा श्रावण. धुळ्याच्या वेशीबाहेर, नवी कॉलनी आणि दगडाची खाण यांच्या मध्ये, रानाचा एवढासा तुकडा उरला होता. त्यालाही घाणेरीने पुरतं गिळलं होतं — फुलं गोजिरी, पण खाली दुसऱ्या रोपाला जगू देईल तर शपथ! ती उपटायलाच चंदनबालेच्या कॉलेजची मुलं-मुली श्रमदानाला आली होती.

"मग तुम्हीच या ना कोयता घेऊन," तो हसला.

"आज आठम, म्हणजे अष्टमी. आम्ही जैन, या तिथीला हिरवं तोडत नाही."

"मीही जैनच. चाळीसगावच्या कापडदुकानातून पळून आलेला अभयकुमार. माझं पाप सरकार भोगेल!"

शेवटी तोड निघाली. चंदनबालेने जुनी लाल ओढणी फाडली. घाणेरीखाली दडलेलं अंजनाचं, पळसाचं रोप दिसलं की ती पट्टी बांधायची. पट्टी असेल त्याला कोयता लागायचा नाही. आठम सरली, तरी हे काम तिने सोडलं नाही. रोज ती पुढे, तो मागे... आणि रोपं कमी, गप्पाच जास्त.

"या झुडपाखाली काही नाही हो," ती म्हणायची.

"नीट बघा की," तो म्हणायचा — आणि स्वतः बघायचा मात्र तिच्याकडे. तिला ते कळायचं, आणि फार आवडायचं.

चौदस उजाडली. श्रमदान संपणार, आणि परवा अभयकुमारची शिंदखेड्याला बदली! एवढा बोलघेवडा माणूस, पण मुद्द्याचं एक अक्षर तोंडातून काढेल तर... चंदनबालेचा जीव टांगणीला लागला होता.

तेवढ्यात घाणेरीच्या काट्यांनी त्याचं मनगट ओरबाडलं. ती पट्टी घेऊन धावली.

"हाताला नको!" त्याने हात पाठीमागे लपवला.

"अहो, रक्त येतंय!"

"येऊ दे. उद्या राखी पौर्णिमा... आणि तुम्ही मनगटाला लाल पट्टी — नको, नको! भाऊ व्हायला नाही राबलो मी या रानात!"

बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला.

चंदनबाला खुदकन हसली. "आठवडाभर मी पट्टी कशाला बांधतेय?"

"जे... जे उपटायचं नाही, त्याला."

"मग? द्या हात."

त्याने हळूच हात पुढे केला. "आणि तुमच्या घरी... काय सांगायचं?"

"ते तुमच्या वडिलांनी येऊन सांगायचं असतं," असं म्हणत तिने गाठ मारली... आणि सुटू नये म्हणून वर आणखी एक.