बोंब आली नाही

महाप्याचं जुनं संगणक केंद्र बंद झालं त्याचा समारंभ आधी उरकला आणि केंद्र बंद करायचं काम नंतर सुरू झालं. नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे संपले. आणि कंपनी बेलापूरच्या नव्या केंद्रात गेली, जिथं थंडगार हवा होती आणि ‘कृपया पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी होती. मागे उरली एक लांबट खोली, लोखंडी रॅक, त्यांत जुनाट मोडेम आणि हब, आणि जमिनीखालून, भिंतीतून, छतातून उतरलेल्या केबलींचं रान. शिवाय जयप्रकाश टिपणीस.

जयप्रकाश नेटवर्कचा इनचार्ज. बेलापूरचे साहेब अभिराम दिघे वयाने त्याच्याहून लहान आणि हुद्द्याने मोठे, त्यामुळे फार नम्रपणे बोलत. ते म्हणाले होते, “टिपणीस, शुक्रवारी खोली रिकामी करून किल्ली द्या, इकडे तुमची खुर्ची तयार आहे. नाही जमलं तर टेन्शन नको. स्वेच्छानिवृत्तीची स्कीम आहेच.”

जुईनगरच्या घरी बारावीतली मुलगी होती, जाई. स्वेच्छेला तिथं फारसा वाव नव्हता.

अडचण एवढीच की कुठली केबल कुठं जाते हे कोणालाच ठाऊक नव्हतं. टाकणारे नोकरी सोडून दुबईला गेले होते आणि केबलींवरच्या चिठ्ठ्या खाडीच्या दमट हवेने कधीच गळून पडल्या होत्या. अशा वेळी या धंद्यात एक पद्धत आहे. केबल उपटायची आणि कोण बोंब मारतं ते बघायचं. बोंब आली की परत लावायची, ज्याची असेल त्याची दुसरी सोय करायची, मग काढायची. बोंब नाही आली तर केबल मेलेली. कॉलेजात हे शिकवत नाहीत, पण कॉलेजात शिकवलेलं कुठं चालतंय?

उपटायला वायरमन हौसेराव होता, साताऱ्याकडचा. आणि बोंब ऐकायला फोनवर प्रेमलाबाई, केंद्राच्या जुन्या टेलिफोन ऑपरेटर. केंद्र उभं होतं तिथं एकेकाळी त्यांच्या बापाची भातखाचरं होती. जमीन गेली, बदल्यात ही खुर्ची आली. बेलापूरला फोन आपोआप लागत, म्हणून बेलापूरच्या आराखड्यात एसीपासून झाडांच्या कुंड्यांपर्यंत सगळं होतं. प्रेमलाबाई नव्हत्या.

कँटीनचा दत्तू चहाचे तीन कप आणी, त्यांतला एक बिनसाखरेचा.

“दिवसभर गोड बोलाची नोकरी,” प्रेमलाबाई म्हणत, “वरून साखर कनाला?”

सोमवारी काम झकास चाललं. हौसेरावने पहिली केबल उपटली आणि अकाउंट्समधून अशी बोंब आली की रिसीव्हर न उचलताही ऐकू आली असती. दुसरी उपटली, गोदामवाला आईवर आला. जयप्रकाशला बरं वाटत होतं. शिव्या देणारा माणूस म्हणजे पत्ता लागलेला माणूस.

मग एक काळी, जाड केबल निघाली. बोंब आली नाही. हौसेरावने ती गुंडाळून कोपऱ्यात टाकली.

जेवणाच्या वेळी प्रेमलाबाई डबा उघडता उघडता थांबल्या. “आज भोंगा नाय वाजला?”

“कसला भोंगा?” हौसेराव म्हणाला.

“बाजूच्या डायिंग कंपनीचा. रोज वाजतो ना, त्यावर तर आपन जेवतो.”

“बाई, बाजूला कंपनी कुटं हाय? मोकळा प्लाट हाय न्हवं.”

जयप्रकाशने खिडकीतून पाहिलं. कुंपणापलीकडे कमरेएवढं गवत होतं आणि त्यात एक म्हैस चरत होती. भोंगा आठवतोय असं त्याला क्षणभर वाटलं. मग त्याने डबा उघडला. भूक काही भोंग्यावर अवलंबून नसते.

दुसऱ्या दिवशी एका मोडेमची लाईन काढली. बोंब नाही. आणि संध्याकाळी कामोठ्याची स्टाफ बस आली नाही. आली नाही म्हणून कोणी कुरकुरलंही नाही, हे जास्त विचित्र होतं, कारण त्या बसला शिव्या घालणं हा कंपनीतला एकमेव सामुदायिक कार्यक्रम होता. गेटवर कोणी उभंच नव्हतं.

“कामोठ्याला आपली गाडी कवा व्हती?” हौसेरावने विचारलं. तो थट्टा करत नव्हता.

जयप्रकाशला मात्र स्टोअर्समधला सिताराम आठवला. कामोठ्याचा, पुढच्या दातात फट असलेला, खिशात भाजलेले शेंगदाणे बाळगणारा. त्याने स्टोअर्सला फोन लावला. “कोण सिताराम?” तिकडून विचारलं गेलं, आणि आवाजात इतकी साधी उत्सुकता होती की जयप्रकाशने फोन ठेवून दिला. त्याच्या स्वतःच्या शर्टाच्या खिशात शेंगदाण्याची टरफलं होती.

प्रेमलाबाई त्याच्याकडे बघत होत्या. “साहेब, तुमची ही बोंबेची पद्धत बरी हाय,” त्या म्हणाल्या. “पन केबल काढल्यावर जो ऱ्हातच नाय, तो बोंबलनार कसा?”

जयप्रकाश हसला. रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी खिशातली टरफलं बघून तो बायकोला म्हणाला, “सुचित्रा, मी शेंगदाणे कधीपासून खायला लागलो?” आणि कालपासून काहीतरी टोचत होतं ते आता टोचत नाही, या जाणिवेने त्याला फार हलकं वाटलं.

शुक्रवारी दुपारपर्यंत रॅक टेम्पोत चढले. खोलीत एक टेबल, एक फोन आणि भिंतीला टांगलेला एकच मोडेम उरला. त्यावर एक हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याची करडी केबल फरशीवरून प्रेमलाबाईंच्या टेबलाखाली जाऊन जमिनीत शिरली होती. हौसेराव बाहेर सामानाला दोर बांधत होता.

“ही राहू द्या, साहेब,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

“का? कुठं जाते ही?”

“खाली. खाली आमचं शेत व्हतं.”

“शेताला कोण मोडेम लावतं, प्रेमलाबाई?”

त्या हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले होते, फरशीवर पाणी आल्यासारखे.

तेवढ्यात फोन वाजला. दिघेसाहेब होते. “झालं का, टिपणीस? खुर्चीवर बसायला लोक टपलेत हो.”

“एक केबल राहिलीय, सर.”

“बोंब?”

“अजून काढली नाही.”

“मग काढा की. बोंब आली तर बघू.”

जयप्रकाशने रिसीव्हर प्रेमलाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो ठेवला नाही, तसाच छातीशी धरला.

“मी बोंब मारीन हा, साहेब,” त्या म्हणाल्या. “सांगून ठेवते.”

“मारा ना! त्यासाठीच तर बसवलंय तुम्हाला. बोंब आली की त्याच क्षणी परत लावतो. शब्द देतो.”

“नक्की?”

“नक्की.”

तो मोडेमकडे वळला. केबल घट्ट बसली होती. त्याने दोन्ही हातांनी ओढली.

हिरवा दिवा विझला.

तो केबल हातात धरून उभा राहिला. परत लावायची तर लगेच लावता यावी म्हणून.

पंखा फिरत होता. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

बोंब आली नाही.

कोणाला तरी आपण काहीतरी कबूल केलंय असं त्याला वाटत राहिलं. पण कोणाला? खोलीत तो एकटाच होता. सकाळपासून एकटाच होता. त्याने केबल गुंडाळली, खांदे सैल सोडले आणि मोठा श्वास घेतला. सुटलो. खुर्ची पक्की. जाईला आज घरी जाताना आइस्क्रीम न्यायचं.

हौसेराव आत आला, मागून दत्तू चहा घेऊन.

“तीन कप कशाला रे?” जयप्रकाश म्हणाला.

“रोज तीनच तर सांगता, साहेब.”

“आम्ही दोघंच तर आहोत.”

दत्तूने कपांकडे पाहिलं, मग दोघांकडे. “व्हय की,” तो डोकं खाजवत म्हणाला. तिघेही मनमोकळं हसले. टेन्शन उतरलं की माणसं कशालाही हसतात. जयप्रकाशने हाताला आला तो कप उचलला. त्यात साखर नव्हती.

“वेंधळा आहेस,” तो दत्तूला म्हणाला, पण प्रेमाने, आणि दिघेसाहेबांना खबर द्यायला टेबलाकडे गेला. रिसीव्हर जागेवर नव्हता. तो रिकाम्या खुर्चीवर पडला होता.

जयप्रकाशने तो उचलून कानाला लावला. कोमट होता. आणि तोंडाकडची बाजू ओली होती.