न घेतलेले नाव

आमच्या वाद्यसंग्रहालयात प्रेक्षक कानाला यंत्र लावतात, कपाटावरचा क्रमांक दाबतात, आणि जपानी कोतोपासून स्कॉटिश बॅगपाइपपर्यंत प्रत्येक वाद्याची माहिती माझ्या आवाजात ऐकतात. वाद्यशास्त्रावर मी प्रबंध लिहिला आहे. पण किर्गिझ दालनातला जर्दाळूच्या लाकडाचा कोमुझ, हे तीन तारांचे वाद्य, माझ्या दिवंगत सासऱ्यांचा आहे, आणि आमच्या किर्गिझ रिवाजात सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नसते. म्हणून तिथे मी म्हणते, "नारिनच्या एका आदरणीय वादकाचा कोमुझ."

"हा आदरणीय कोण, असं जर्मन पाहुणे मला विचारतात," आमचे संचालक सागिनअली-बाइके, म्हणजे सागिनअली-दादा, चिडवायचे. "डॉक्टरीणबाई, नवऱ्याकडून तरी वदवून घ्या!"

सासूबाई एका शनिवारी दुपारी प्रथमच आल्या. कोमुझ देताना त्यांनी अट घातली होती: मान राखला गेला नाही, तर परत नेईन. हाताच्या घर्षणाने इतका गुळगुळीत झालेला कोमुझ आमच्याकडे दुसरा नव्हता.

बॅगपाइपपाशी त्या थबकल्या. "मेंढी कापायच्या आधी फुगवली का यांनी?"

मग कोमुझ आला. त्यांनी ऐकले आणि यंत्र कानावरून काढले.

"पोरी, तू त्याचं नाव घेतलंस."

"नाही हो, अपा!"

"तुझाच आवाज. वर हसलीस."

मी यंत्र कानाला लावले. आवाज माझाच. ते नाव, जे मी इथेही लिहिणार नाही, संथ आणि स्पष्ट उच्चारलेले. त्यामागोमाग खाकरून नाकातून हसणे. मी तशी कधीच हसत नाही.

"काढ तो खाली. घरी चाललाय."

"अपा, यंत्र बिघडलंय, दुसरं काही नाही," सागिनअली-बाइके धावत आले. त्यांच्या देखत मी तिथेच नव्याने ध्वनिमुद्रण केले. आदरणीय वादक. बस्स.

अपांनी पुन्हा ऐकले. नाव. हसणे.

या वेळी मात्र त्यांचा चेहरा सैल झाला.

"हे हसणं याचं आहे." त्या कोमुझकडे वळल्या. "जन्मभर मागे लागलास, एकदा माझं नाव घे म्हणून. मी बधले नाही. आता सुनेला छळतोस होय रे?"

सागिनअली-बाइके प्रेक्षकांच्या बाकावर बसले.

अपांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. ओठ काचेजवळ नेले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याचे नाव घेतले.

काहीच झाले नाही.

"राहू दे त्याला इथंच," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून यंत्रात ते नाव येत नाही. त्याऐवजी माझ्या आवाजात सासूबाईंचे नाव येते. तेही सुनेने घ्यायचे नसते. एकदा. मग थोडे थांबून पुन्हा, हाक मारल्यासारखे.

अपा आता दर शनिवारी ऐकायला येतात.

"काय म्हणतात?" मी विचारते.

"घाई नाही म्हणतो," त्या लाजून सांगतात.

पण दोन हाकांमधले अंतर दर वेळी थोडे कमी झालेले असते.