चौदावी वाट

लांब पल्ल्याची ती पायवाट सबंध चालायला सव्वा महिना लागायचा. एवढी रजा देतो कोण? म्हणून पुस्तकवाल्याने तिचे एका दिवसात उरकतील असे वीस तुकडे निवडले आणि मार्गदर्शिका लिहिली. सकाळी एका थांब्यावर बसमधून उतरायचं, संध्याकाळी पुढच्या थांब्यावर बस पकडायची. पुस्तक हातोहात खपलं. वीसपैकी एकोणीस वाटा तो खरोखर चालला होता. चौदावीच्या दिवशी टाचेला फोड आला, तेव्हा ती त्याने पायथ्याच्या उपाहारगृहात बसून नकाशावरून लिहून काढली. ‘दुफाट्यावर डावीकडे वळा. उतार सोपा आहे.’

डावीकडे जुन्या दगडखाणीचा कडा होता. खाली पाणी साचलेलं.

गेल्या वर्षी दोघी बहिणी पुस्तक हातात धरून त्या वाटेने गेल्या. धुकं होतं. धाकटी पुढे होती.

थोरली शिवणकाम करायची. महिन्याभराने ती पुस्तकवाल्याच्या व्याख्यानाला आली आणि मागच्या रांगेत उभी राहिली.

“चौदावी वाट तुम्ही स्वतः चाललात का?”

शंभर माना वळल्या. “दोनदा,” तो म्हणाला. “तुमचं दुःख समजतं मला, बाई. पण धुक्यात माणसानं पाय जपून टाकावा.”

ती रडली नाही, भांडली नाही. “मग तिसऱ्यांदा जाऊन या,” एवढंच म्हणाली.

नव्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा त्याच्या मनाने घेतलं, की गुपचूप जावं, ते एक वाक्य बदलावं, म्हणजे झाकली मूठ तशीच राहील. बायकोला त्याने नुसतं “फिरून येतो” सांगितलं.

सकाळ लख्ख होती. चढण सोपी, गवत कोरडं. तासाभराने वाटेवर पिवळे बाण रंगवणारा कामगार डबा आणि ब्रश घेऊन बसलेला दिसला.

“पुस्तक लिहिणारे तुम्हीच ना?”

“कसं ओळखलंत?”

“आत्ताच एक ताई पुढे गेल्या. म्हणाल्या, ते मागून येतायत. दुफाट्यावरचा बाण आज रंगवू नका, त्यांना वाट पाठ आहे.”

पुस्तकवाला हसला. “दिसायला कशा होत्या?”

“तोंड नाही पाहिलं. पण चिंब भिजलेल्या होत्या हो. पावसाचा तर पत्ता नाही.” कामगाराने ब्रश डब्यात बुडवला आणि मग जणू स्वतःशीच विचारलं, “तुम्ही याआधी दोनदा आला होतात म्हणे?”

तो पुढे निघाला. परत फिरावंसं वाटत होतं. पण मागून त्या माणसाची नजर पाठीला टोचत होती, आणि कोणी बघत असलं की पुस्तकवाल्याला माघार जमत नसे. वाटेतल्या दगडांवर ओली पावलं उमटलेली होती. ऊन असूनही ती वाळत नव्हती.

दुफाट्यापाशी धुकं उतरलं. सावकाश नाही, दार लावून घ्यावं तसं.

तो उजवीकडे वळला. नकाशा काही म्हणो, खरी वाट उजवीकडची होती, हे आता त्याला पक्कं माहीत होतं. दोनशे पावलं मोजली. पुढे दुफाटा आला.

तोच. तोच फुटका दगड, तेच वाकडं झुडूप.

पुन्हा उजवीकडे. पुन्हा दुफाटा.

तिसऱ्या वेळी उजवीकडे वाटच नव्हती. नुसतं गवत, कोणाचा पायही न लागलेलं.

“मी चाललो नव्हतो!” तो धुक्यात ओरडला. “ऐकलंत? मी ही वाट कधीच चाललो नव्हतो!”

डावीकडून, अगदी जवळून, बाईचा आवाज आला. शांत. पुस्तकातून वाचून दाखवावं तसा.

“उतार सोपा आहे.”

बर्फासारखी गार, ओली बोटं त्याच्या मनगटाभोवती मिटली.

त्या संध्याकाळी थोरलीने शिवणयंत्रावर झाकण घातलं आणि खिडकी लावायला उठली. उंबऱ्याशी बुटांची जोडी होती. बायकी, धाकटीच्या मापाची, पाण्याने जड झालेली. नाड्या न सोडताच पाय काढून घेतलेले.

ती खाली बसली. फडक्याने चिखल पुसला, आतलं पाणी ओतून टाकलं आणि बूट शेगडीजवळ आडवे ठेवले.

“काम झालं ना?” तिने खोलीला विचारलं. “मग बैस आता जरा.”

पलंगाची स्प्रिंग हळूच करकरली.